माळ्यावरचा बैल आंगणात उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या बाजारावर लेख आला होता. शहरातली हॉटेलं, फार्महाऊस, नवे फ्लॅट सजवायला खेड्यांतून पितळी घंगाळं, लाकडी बैल, जाती, कंदील, जुने रेडिओ गोळा होतात आणि त्यांना चांगला भाव येतो, असं त्यात होतं. लेख मी दोनदा वाचला. त्यात घेणाऱ्यांची घरं दिसली, विकणाऱ्या दुकानांचे फोटो दिसले, पण या वस्तू ज्या घरातून निघतात ते घर कुठेच दिसलं नाही. मी तशाच एका घरातली बाई आहे. समुद्रपूर तालुक्यात एका लहान गावात आमचं कोरडवाहू वावर आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. घरात सासूबाई, यजमान, मी, मोठा मुलगा, सून, दोन नाती, एक नातू. धाकटा बुटीबोरीला कारखान्यात असतो, शनिवारी येतो. आमच्या माळ्यावर जे आहे ते वर्षातून कधी ना कधी खाली उतरतं, वापरात येतं, आणि ते उतरलं की घरात नाच होतो. लहानमोठे सगळे नाचतात. तेवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे.

पोळा नुकताच झाला, म्हणून बैलापासून सुरुवात करते. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा भरतो, लेकरांचा. लाकडी बैलाला झूल, बाशिंग, शिंगांना बेगड लावून पोरं त्याला दोरीनं ओढत मारुतीच्या देवळापुढे आणतात आणि मग घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी ही रीत सुरू केली असं सांगतात. त्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल पाहायला आजही गर्दी होते.

आमचा बैल लहान आहे, हातभर लांबीचा, सागाचा. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी गावच्या सुताराला ज्वारी देऊन तो करवून घेतला होता. इतक्या पोरांनी ओढल्यामुळे त्याच्या मानेला दोरीची खाच पडली आहे, तिच्यात बरोबर माझी करंगळी बसते. उजवं शिंग मूळचं नाही. यजमान लहानपणी त्याच्यावर स्वार व्हायला गेले तेव्हा ते मोडलं, मग सुतारानं बाभळीचं बसवून दिलं. ते अजून रंगानं वेगळं दिसतं. मागचं एक चाक करकरतं आणि ते तसंच ठेवायचं असा नातवाचा हुकूम आहे, कारण त्या आवाजावरून गल्लीला कळतं की आमचा बैल निघाला. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी मी त्याला जवसाचं तेल लावते. चिंधी तेलात बुडवून घट्ट पिळायची आणि लाकडावर नुसती फिरवायची. तेल जास्त झालं तर ते वाळत नाही, धूळ धरतं आणि बैल चिकट होतो. हे मला सासूबाईंनी शिकवलं, मी नातीला शिकवलं.

गेल्या उन्हाळ्यात एक खरेदीदार जीप घेऊन गावात आला. घरोघरी विचारत आमच्याकडेही आला आणि या बैलाचे सहा हजार देतो म्हणाला. बियाण्याचे दिवस होते. सहा हजार आमच्यासारख्याला लहान रक्कम नाही, दोघं मुलं एकमेकांकडे पाहत राहिली. नातू दुसरीत आहे. तो मध्येच म्हणाला, "हा नेला तं मी तान्ह्या पोयाले काय नेऊ?" त्या माणसानं समजूत घातली की बाजारात नवीन मिळतो, रंगीत. नातू म्हणाला, "त्याचं चाक वाजत नाई." यजमानांनी पाहुण्याला चहा पाजला आणि बैल परत माळ्यावर ठेवला. ज्यांनी त्या उन्हाळ्यात आपलं काही विकलं त्यांना मी नावं ठेवत नाही. दवाखाना, लेकीचं लग्न, सावकार, कोणाच्या घरी काय चालू आहे ते मला माहीत आहे. माझं म्हणणं आहे ते ज्यांच्यावर तशी वेळ आलेली नाही आणि केवळ जागा अडते म्हणून जे किलोवर घालतात, त्यांच्यासाठी.

तान्ह्या पोळ्याला नातू पहिला बोजारा आपल्याच घरी मागतो. पणजी दारात ताट घेऊन बसते आणि झडती, म्हणजे पोळ्याच्या यमकाच्या ओळी, म्हणवून घेतल्याशिवाय ओवाळत नाही. दरवर्षी नवी झडती पाहिजे, मागच्या वर्षीची चालत नाही. पोरगं आठ दिवस बापाच्या मागे लागून यमक जुळवत असतं. यंदा त्यानं ट्रॅक्टर, डिझेल आणि पणजीचा चष्मा अशी काहीतरी सांगड घातली. "हर बोला, हर हर महादेव" झालं की यजमान खंजिरीवर थाप देतात आणि बैलाभोवती नाच सुरू होतो. नाती आधी, मग सून पदर खोचून, मग मी.

ही खंजिरी मामाजींची. ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 साली गेले तेव्हा मामाजी ऐन उमेदीत होते. मोझरीच्या गुरुकुंजात ते जाऊन आलेले, आणि गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चुकवायचे नाहीत. भाद्रपदात हवा दमट असते, खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. तेव्हा ती चुलीच्या धगीवर लांबून फिरवायची, मधूनमधून टिचकी मारून पाहायची. आवाज खणखणला की लगेच बाजूला घ्यायची, जास्त शेकली तर कातडं तडकतं. आमच्याकडे गॅस आला तरी मागची चूल मी मोडू दिली नाही, त्याचं एक कारण ही खंजिरी आहे. यजमान ती शेकत असले की पोरं आपोआप चुलीभोवती गोळा होतात. वाजायच्या आधीच अर्धा कार्यक्रम तिथे होऊन जातो.

पण यंदाचा खरा नाच झाला तो कल्हईच्या दिवशी. तो सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. त्यांना आंबील लागतेच, आणि आंबील आमच्या घरी मोठ्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यातच होते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आतून कल्हई नसेल तर ताकाचा आंबूसपणा त्याला लागतो, पदार्थ कळकतो, हिरवट होतो आणि पोटाला बाधतो. म्हणून महालक्ष्म्यांच्या आधी कल्हई करून घ्यावी लागते. पूर्वी कल्हईवाले हाका मारत गावोगाव फिरायचे. आता आमच्या भागात एकच म्हातारेबाबा उरले आहेत, फोन केल्यावर मोपेडवर भाता आणि कोळसा बांधून येतात. त्यांच्या हाताखाली एक मुलगा असायचा, तो यंदा नागपूरला कामाला लागला. बाबा एकटे आले. गंज पाहून म्हणाले, "बाई, लहान भांडे मी हातानं घासतो. पण हा गंज पायानं घासा लागते, अन् माहे गुडघे आता फिरत नाई."

पायानं घासायचं म्हणजे काय, हे नव्या मुलांनी पाहिलेलं नसतं. गंजात ओली बारीक वाळू टाकायची, वर गोणपाटाचा तुकडा, त्यावर अनवाणी उभं राहायचं. दोन्ही हातांनी खांब धरायचा आणि कमरेतून डावीकडे-उजवीकडे गरगर वळत राहायचं. पायाखालचं गोणपाट वाळूला घेऊन फिरतं आणि भांड्याचं बूड आणि कडा घासून निघतात. बाबांनी नुसतं हातवारे करून दाखवलं. मोठी नात सातवीत आहे, तिनं लगेच उडी मारली. पहिल्यांदा तिचे पाय घसरले, मग तिला ठेका सापडला. वाळूचा खर्र-खर्र आवाज एका लयीत यायला लागला, तशी धाकटी टाळ्या पिटू लागली. सासूबाई सपरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नाही, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "माय, हे तं मी करत होती. हात सोड खांबाचा, कमरेवर घे." आणि बसल्या बसल्या खांदे हलवून दाखवायला लागल्या. नव्वदीकडे चाललेली बाई आहे. तिच्या खांद्यांत तो ठेका इतका मुरलेला होता की आम्ही सगळे बघतच राहिलो.

मग कोणी थांबायला तयार नव्हतं. धाकटी, मग सून, मग मी. धाकटा मुलगा त्या दिवशी घरी होता. तो आधी मोबाइलवर चित्रण करत होता. थोड्या वेळानं मोबाइल त्यानं दिवळीत ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गंजात उतरला. यजमानांनी खंजिरी आणली. शेजारच्या दोघी जणी कुंपणावरून डोकावत होत्या, त्यांनाही आत घेतलं. एक जण गंजात फिरतो आहे आणि बाकीचे भोवती, असा तो नाच ऊन तापेपर्यंत चालला. कल्हईवाले बाबा भट्टी पेटवायची सोडून हसत बसले होते. गंज उपडा करून वाळू झटकली तेव्हा आत असं लख्ख पितळ निघालं की धाकटीनं त्यात आपलं तोंड पाहून घेतलं.

पुढचं काम बाबांचं. निखाऱ्यावर गंज तापवायचा. भाता धाकटा मारत होता. कथील 232 अंशांवर वितळतं, पण बाबांकडे कुठला मापक? ते नवसागराची चिमूट टाकून धूर कसा उठतो ते पाहतात. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर येतो, त्यानं पितळावरची राप निघते. तेवढ्यात कथलाची कांडी आत टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं चटचट पुसत न्यायचं. कापूस आमच्याच वावरातला होता, मोठ्या मुलानं पुढे केला. बोळा फिरेल तिथे गंज पांढरा होत गेला, चांदण्यात आंगण उजळावं तसा. मग पाण्यात बुडवल्याचा चुर्र आवाज आणि पोरांची आरोळी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आंबील वाढताना माझ्या नाती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की हा गंज आम्ही नाचून घासला आहे.

संपादक महोदय, हा गंज वजनावर विकला असता तर चार-पाच हजार आले असते. हॉटेलच्या दारात तो फुलांच्या पाकळ्या घालून ठेवतात, छान दिसतो. पण तिथे त्याला आतून कोणी घासणार नाही, आणि त्याच्या भोवती चार पिढ्या घाम येईपर्यंत हसणार नाहीत.

आमच्याकडे एक व्हॉल्व्हचा रेडिओही आहे. त्याच्याबरोबर पोस्टातून घ्यावं लागायचं ते लायसन्सचं पुस्तकही सासूबाईंनी जपून ठेवलं आहे. 1948 साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, पण गावात वीज आल्यावरच मामाजींनी हा रेडिओ घेतला. तो लावला की आधी आतले दिवे तापू द्यावे लागतात, मग आवाज हळूहळू वर येतो. हिंगणघाटच्या एका कारागिरानं त्याचा कंडेन्सर बदलून दिला. आवाज घोगरा आहे, पण पोरांना तो तापेपर्यंत थांबायला आवडतं.

आता येत्या भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल. कुंभाराकडून मातीचे भुलोजी-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, आणायचे, ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळी मुलींनी घरोघरी गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या. शेवटी खाऊ ओळखायचा. डबा बंद, तो नुसता वाजवून आत काय आहे ते सांगायचं. आमचा डबा सासूबाईंच्या आंदणातला, पितळी. त्यात फुटाण्यांचा आवाज वेगळा येतो, शेंगदाण्यांचा वेगळा. माझ्या नाती आता इतक्या तरबेज झाल्या आहेत की त्यांना फसवायला मला खाऊ पुरचुंडीत बांधून ठेवावा लागतो.

सून साताऱ्याकडची. तिच्या माहेरी भुलाबाई नसते, भोंडला असतो, तोही सूर्य हस्त नक्षत्रात गेला की. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती आमच्या आंगणात गप्प उभी होती. सासूबाईंनी विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात वं?" तिनं लाजत एक गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पाट पुढे केला, "काढ तुहा हत्ती." तेव्हापासून आमच्याकडे हस्त लागला की पहिला फेर हत्तीचा आणि मग भुलाबाईच्या टिपऱ्या. टिपऱ्या मी माहेरहून आणलेल्या आहेत, रंग केव्हाच उडाला. हातात घेतल्या की माझी आई, मावशी, सगळ्या आठवतात.

मागच्या वर्षी यजमान आणि दोन्ही मुलगेही फेरात आले. शेजारचे काकाजी म्हणाले, बाप्ये भुलाबाईत नाचत नसतात. सासूबाईंनी तिथल्या तिथे सुनावलं, "भुलोजी बाप्याच हाय ना? मंग?" काकाजी थोडा वेळ उभे राहिले, मग चपला काढून तेही आले.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की या बाईच्या घरी काही अडचण नसेल. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा आमचीही गेली. बोंडं उकलायच्या वेळी आत किडे. पुढच्या वर्षी हातात पैसा नव्हता, घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. भुलाबाई मांडायची की नाही यावर मी गप्प होते. सासूबाईंनी कुंभाराला स्वतःच निरोप धाडला. महिनाभर डब्यात मुरमुरे आणि फुटाणे याशिवाय काही नव्हतं. पोरींना रोज आधीच कळायचं आत काय आहे, तरी त्या खोटं खोटं भलतंच सांगायच्या, करंजी, चिवडा, पेढे, आणि हसायच्या. त्या महिन्यात मोठा मुलगा पुन्हा बोलता झाला. आपल्या पानांवर आमच्या भागाचं नाव येतं ते बहुतेक नापिकी, कर्ज आणि आत्महत्येच्या बातमीत. त्या बातम्या खऱ्या आहेत, त्या छापल्याच पाहिजेत. पण त्याच गावांतल्या आंगणांत संध्याकाळी काय चालतं, तेही छापा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते वाचून आमच्यासारख्यांना बळ येतं.

डीजेवर नाचणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, तरुण रक्त आहे, नाचावं. मला एवढंच खटकतं की तिथे आजीला उभं राहायला जागा नसते आणि लहान लेकरू कानावर हात ठेवून रडतं. खंजिरी, टिपरी, वाळूचा आवाज यांत पणजीपासून दुसरीतल्या पोरापर्यंत सगळे मावतात.

म्हणून दोन सूचना करते. पहिली आपल्यासाठी. पुरवणीत आठवड्याला एक फोटो छापावा, घरातल्या जुन्या पण वापरात असलेल्या वस्तूचा, वापरणाऱ्या माणसांसकट. सोबत ती कोणी आणली, आता कोण वापरतं आणि तिची निगा कशी राखतात, हे चार ओळींत. कल्हई, जवसाचं तेल, खंजिरी शेकणं, अशा गोष्टी त्यातून एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचतील. कल्हईवाल्या बाबांसारख्या कारागिरांनाही काम मिळेल, आणि त्यांच्या हाताखालच्या त्या मुलानं नागपूरहून परत यायचं ठरवलं तर त्याला गिऱ्हाईक असेल.

दुसरी सूचना गावोगावच्या तान्हा पोळा मंडळांसाठी. स्पर्धेत बक्षीस जातं ते सर्वांत महाग सजावटीला आणि भाड्यानं आणलेल्या वेशभूषेला. ज्याच्या बापाची ऐपत त्याचा बैल पहिला. एक बक्षीस सर्वांत जुन्या बैलाला ठेवा. बैल कोणी केला, कोणी कोणी ओढला, कुठे मोडला आणि कसा जोडला, हे लेकरानं माइकवर स्वतः सांगायचं. त्यासाठी त्याला आठ दिवस आधी आजोबांजवळ बसावंच लागेल. आमच्या गावच्या मंडळाला मी हे बोलले आहे आणि पुढच्या पोळ्याला ते करू म्हणाले आहेत. बक्षीस म्हणून घाणीवरच्या जवसाच्या तेलाची बाटली आणि एक सुती चिंधी माझ्याकडून. आमचा नातू अर्थातच त्या स्पर्धेत नसेल, तो चाकाचा आवाज करत नुसता पुढे चालेल.

आपली नम्र,
एक शेतकरी गृहिणी
ता. समुद्रपूर, जि. वर्धा